सतरा नंबरचा बिल्ला

"सोबत कोण आहे?" सिस्टरनं विचारलं, तशी केशरबाईनं मागं वळून पाहिलं. जणू मागं कुणी उभंच असणार. मागं पाण्याचा फिल्टर होता आणि त्याला साखळीनं बांधलेला स्टीलचा पेला.

"कुनी न्हाई. एकटीच आलेय."

"आज नाही हो मावशी, गुरुवारी. ॲडमिट व्हाल तेव्हा. सहीला माणूस लागतो, आणि पाच दिवस जवळ राहायलाही लागतो. त्याशिवाय सर हात लावत नाहीत." सिस्टर पोरसवदा होती, पण बोलणं पक्कं होतं. "मुलगा, सून, बहीण, कुणीही चालेल."

पोटातली गाठ लिंबाएवढी होती तेव्हाच काढा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. केशरबाईनं ते आठ महिने या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं. आता गाठ नारळाएवढी झाली होती. ती कधीही पीळ खाईल, मग आम्हालाही काही करता येणार नाही, गुरुवार चुकवू नका, असं डॉक्टर आज स्वच्छ बोलले होते. केशरबाईनं फाईल दवाखान्याच्या पिशवीत घातली आणि नागापूरची रिक्षा धरली. वार सोमवार होता.

आता खरी गंमत ऐका. नागापूरच्या एमआयडीसीत कुणालाही विचारा, हाक मंडळ कुणाचं? पानटपरीवालासुद्धा सांगेल, केशरबाईचं. त्रेचाळीस सभासद, बाया आणि गडी मिळून, आणि प्रत्येकानं शपथ घेतलेली की हाक आली की निघायचं. त्या मंडळाची संस्थापक एका सहीसाठी अडली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पण मंडळ कसं निघालं ते सांगितल्याशिवाय हे कोडं सुटायचं नाही.

केशरबाईचं सासर मिरजगाव. तीस वर्षांपूर्वी नवरा छगन अचानक गेला. पोटी मूल नव्हतं. त्या वेळी अख्खी भावकी न बोलावता मदतीला आली. कुणी चूल पेटवली. कुणी म्हैस आपल्या गोठ्यात नेऊन बांधली, "तुला कुठं धारा काढायला जमनार?" म्हणून. थोरल्या जावेनं पेटीची किल्ली सांभाळायला घेतली. दिरानं जमिनीच्या कागदावर सही घेतली, तिला हेलपाटे नकोत म्हणून. आणि मग पुढची सहा-सात वर्षं विहिरीवर, बाजारात, कुणाच्या लग्नात, जिथं गाठ पडेल तिथं एकच वाक्य ऐकवलं: "आमी हुतो म्हनून तू हायेस." म्हैस काही परत आली नाही. केशरबाईनं एक दिवस बोचकं उचललं आणि नगर गाठलं. तेव्हापासून तिच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेची सुटली नाही, आणि न मागता मदत करणारा माणूस दिसला की तिच्या कपाळाला आठी पडते.

नागापुरात तिला एका मशीन-शॉपच्या टूल रूममध्ये मदतनिसाचं काम मिळालं. टूल रूमची रीत तिला पहिल्याच दिवशी आवडली. प्रत्येक कामगाराच्या नावावर पितळेचे तीन गोल बिल्ले, त्यावर त्याचा नंबर ठोकलेला. ड्रिल हवं, मायक्रोमीटर हवं, बिल्ला खिडकीत ठेवायचा आणि हत्यार न्यायचं. कशाला हवंय, असं खिडकी विचारत नाही, आणि दिलं म्हणून कधी बोलून दाखवत नाही. माणसांचं असं का असू नये, हे केशरबाईच्या डोक्यात तिथं आलं. हा विचार काही मोठा नव्हता, पण तो तिच्या डोक्यातून जाईना.

पुढं कंपनीत कॉम्प्युटर आला आणि मालकानं बिल्ले मोडीत घालायला सांगितले. केशरबाईनं त्यातले सात पुरे सेट मागून घेतले, आसाराम टर्नरकडून घासून चकचकीत करून घेतले, आणि एका रविवारी आपल्या खोलीत सहा माणसं बोलावली. सातवी ती. तीन बाया, चार गडी.

नियम तिनं त्याच दिवशी सांगितले. जन्मात तीन हाका, तीन बिल्ले. संपले की संपले, पुन्हा मिळायचे नाहीत. ज्याच्या तळहातावर बिल्ला ठेवला त्यानं "ओ" म्हणायचं आणि सांगितलेलं करायचं. का म्हणून विचारायचं नाही. नंतर ऐकवायचं नाही. वापरलेला बिल्ला केशरबाईच्या डब्यात जमा. आणि सगळ्यांत कडक नियम: हाक आल्याशिवाय कुणाच्या मदतीला जायचं नाही.

बाया आणि गडी एकत्र कशाला, असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. बायांना बचत गट होते, गड्यांना तालीम आणि गणपती मंडळ होतं, तेवढं पुरे नव्हतं का? केशरबाई म्हणायची, "बाईला चौकीत जायचं आसंल तर संगं गडी लागतो. बायको म्हायेरी गेली तर गड्याला पोरीच्या वेन्या घालायला बाई लागती. आन दोनी वक्ताला शेजारनी खिडकीत उभ्या. बिल्ला आसला म्हंजी सांगता येतं, हाकंनं आलाय." आसारामच्या बायकोनं पहिलं वर्षभर केशरबाईकडं अशा नजरेनं पाहिलं, की दूध नासावं. दुसऱ्या वर्षी ती स्वतः सभासद झाली आणि पहिली हाक नवऱ्यालाच दिली. काय सांगितलं ते बाहेर आलं नाही, पण त्या दिवसापासून आसारामची तंबाखू सुटली.

माणसं नियम पाळायला लागली की इतकी पाळतात, की नियम करणाऱ्यानं डोक्याला हात लावावा. सुनील नावाच्या सभासदाच्या घरात गॅसच्या नळीनं पेट घेतला तेव्हा तीन सभासद दारात उभे राहून "बिल्ला दे, बिल्ला दे" म्हणून ओरडत होते, आणि सुनील आत फडताळात बिल्ला शोधत होता. शेवटी सुनीलच्या सासूनं, जी सभासद नव्हती, वाळूची घमेली ओतून आग विझवली आणि सगळ्यांना आईवरून शिव्या दिल्या. त्यानंतर केशरबाईनं नियमाला शेपूट जोडलं: आग, साप आणि पाणी, या तिघांना हाक लागत नाही.

गाठीचं नाव मात्र त्यात नव्हतं.

तरी प्रश्न उरतोच. संस्थापक बाईनं आपला एक बिल्ला काढायचा, कुणाच्याही हातावर ठेवायचा, काम झालं. पण केशरबाईकडं बिल्ला नव्हता. एकही नव्हता, आणि तो पहिल्या रविवारपासूनच नव्हता.

त्या रविवारी बिल्ले वाटायला घेतले तेव्हा दारात भामाबाई येऊन उभी राहिली. कंपनीत झाडलोट करायची. उंबऱ्याच्या बाहेरूनच म्हणाली, "मला बी घ्या की तुमच्यात."

कानिफनाथ वेल्डरनं डब्यात पाहिलं आणि म्हणाला, "सेट सातच हायेत. मानसं सात झाली."

किती साधं वाक्य. बिल्ले मोजले तर खरंच होतं. पण त्याच्या मागं काय आहे ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं, आणि भामाबाईला सगळ्यांच्या आधी. ती मागं सरायला लागली. केशरबाईनं आपले सतरा नंबरचे तीन बिल्ले उचलले, उंबऱ्यापाशी गेली आणि तिच्या तळहातावर ठेवले. "हा आठवा सेट हाय की. माझा म्या येगळा ठेवलाय." मग भामाबाईला हाताला धरून आत घेतलं आणि आपल्या शेजारी बसवलं. आसारामनं बिल्ले स्वतः घासले होते, त्यामुळं किती होते ते त्याला ठाऊक होतं. तो खाली मान घालून चहा पीत राहिला.

नव्या सभासदांसाठी पुढं आसारामनंच पितळेचे नवे बिल्ले कापले. त्यात तीन आपल्यासाठी कापून घे म्हणायला केशरबाईला काय जड होतं? जड हेच, की मग का ते सांगावं लागलं असतं. भामाबाईला मिळाला तो हक्काचा सेट नव्हता, केशरबाईच्या वाट्यातला होता, हे त्रेचाळीस माणसांत उघडं झालं असतं. दिलेलं बोलून दाखवलं की त्याचा उपकार होतो. मिरजगावच्या थोरल्या जावेत आणि आपल्यात मग फरक काय उरला, असं केशरबाईला वाटायचं. तिनं अठरा वर्षं तोंड शिवून ठेवलं. लागलंच नाही कधी काही, हेही खरं.

आता लागलं होतं.

सोमवारी दुपारी घरी आल्यावर तिनं पलंगाखालचा डबा ओढला. वापरलेल्या बिल्ल्यांनी तो अर्धा भरला होता. चाळल्यावर सतराचे दोन सापडले. भामाबाईनं वापरलेले. पहिला तिनं आसारामला दिला होता, लेक प्रज्ञा नर्सिंगला लागली तेव्हा पुण्याला सोबत जायला. दुसऱ्याची गोष्ट अख्ख्या मंडळाला तोंडपाठ आहे. घर बांधून झाल्यावर भामाबाई कानिफनाथाच्या दुकानात गेली, बिल्ला त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "रैवारी माझ्या घरी जेवायला यायचं." कानिफनाथानं हातातलं काम खाली ठेवलं. का म्हणून विचारता येत नव्हतं. "ओ," म्हणाला. रविवारी आला, पाटावर बसला, दोनदा भात मागून घेतला. आता दर बुद्ध पौर्णिमेला तो बिल्ल्याशिवाय येतो आणि खिरीला नावं ठेवत तीन वाट्या खातो.

तिसरा सतरा भामाबाईकडं होता. तो कशासाठी आहे तेही तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. प्रज्ञा लग्न होऊन दूर नागपूरकडं गेली होती. "आंथरुनाला खिळले की काडीन. कुनीतरी शेवटपतुर उशाशी बसाया पायजे."

केशरबाईनं डब्यातला एक सतरा मुठीत घेतला. माझाच तर आहे, तिच्या मनात आलं. मी एकदाही वापरला नाही. कुणाला कळणार आहे? मूठ तशीच मिटून, दवाखान्याची पिशवी काखेत मारून ती आसारामच्या शेडवर गेली.

आसारामची आता स्वतःची दोन लेथ होती. तिला पाहून त्यानं मशीन बंद केलं आणि हात पुसत पुढं आला.

"या केशरताई. हाक हाय का?"

केशरबाईनं मूठ पुढं केली. मुठीतलं पितळ घामानं ओलं झालं होतं. ती बोटं उघडणार, तेवढ्यात तिला कानिफनाथ पाटावर बसलेला आठवला. या बिल्ल्यावर एक माणूस आयुष्यात पहिल्यांदा त्या घरी जेवला होता. त्याच बिल्ल्यावर चोरून दुसरं काम कसं काढायचं? आपण घालून दिलेली रीत आपणच मोडायची, आणि तीही आसारामच्या डोळ्यांत बघून? तिला स्वतःची लाज वाटली. मूठ तिनं पदराखाली नेली.

"न्हाई. सहज आल्ते."

"बसा की. च्या सांगतो."

"नको. उन्हाचं बरं वाटत न्हाई."

आसारामनं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं, पदराखालच्या मुठीकडं पाहिलं, पिशवीवरचं दवाखान्याचं नाव वाचलं. त्याचे ओठ हलले. पण त्याच्या हातात बिल्ला पडला नव्हता, आणि त्याचे स्वतःचे तिन्ही केव्हाच वापरून झाले होते. "सांभाळून जावा," एवढंच तो म्हणाला.

मंगळवारी केशरबाई दारात बसून राहिली. येणारे-जाणारे सभासद विचारत होते, "बरं हाय ना?" ती म्हणत होती, "बरं हाय." आणि ते पुढं जात होते. संध्याकाळपर्यंत तिचा संताप झाला. यांच्यासाठी मी चौक्या पाहिल्या, यांच्या बाळंतपणांत जागले, आणि एकालाही दिसू नये माझं तोंड कसं पांढरं पडलंय ते? की दिसतंय आणि मुद्दामच जातात? मग तिला कळलं, की दिसतंय आणि मुद्दामच जातात. तिनंच शिकवलं होतं. अठरा वर्षं घोटून घोटून शिकवलं होतं आणि लोक शहाण्यासारखे शिकले होते. त्या रागाला आता तिच्याखेरीज दुसरं कुणी धनी नव्हतं.

बुधवारी तिनं दिराला फोन लावला. एक रिंग गेली आणि तिनं कापला. दीर आला असता. सही केली असती. आणि ती सही तिला मरेपर्यंत ऐकवली असती. त्यापेक्षा गाठ बरी, असं तिला अगदी मनापासून वाटलं, आणि मग भीतीही वाटली, कारण गाठ खरंच पोटात होती आणि सकाळपासून ओढत होती. तिला मरायचं नव्हतं. एकसष्ट म्हणजे काही वय नव्हे. शेवटी तिनं ठरवलं की सिस्टरला सांगायचं, बहीण मागून येतेय, एसटी चुकली. एकदा आत घेतलं की बाहेर थोडंच काढणार आहेत? डब्यातून घेतलेला सतरा तिनं परत डब्यात टाकला, दोन साड्या पिशवीत भरल्या आणि ती झोपली.

गुरुवारी सकाळी आठला तिनं दार ओढलं, कुलूप लावलं आणि वळली, तर ओट्यावर भामाबाई बसलेली. अंगावर धुतलेली इस्त्रीची साडी, मांडीवर वळकटी, शेजारी पिशवी आणि पाण्याची बाटली. कधीची बसली होती कुणास ठाऊक.

"कुटं चाललीस?" केशरबाईनं विचारलं.

"ते तूच सांगशील. आसारामभाऊ काल सांजंला आल्ता. जादा काय बोलला न्हाई. च्या प्याला, तुझ्या पिशवीवरचं दवाखान्याचं नाव सांगितलं आन गेला. मी प्रज्ञाला फोन केला. तिनं तिथल्या सिस्टरीला इचारून घेतलं. वळखीची निगाली." भामाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. "हात कर पुडं."

"भामाबाई, हाक दिल्याबिगर यायचं न्हाई, नियम हाय."

"म्हनून तर देते. कर हात."

केशरबाईनं हात पुढं केला. भामाबाईनं कमरेचा बटवा सोडला आणि बिल्ला तिच्या तळहातावर ठेवला. इतकी वर्षं सुपारीबरोबर राहून त्याच्या कडा काळ्या पडल्या होत्या, पण सतरा स्पष्ट होता.

"दवाखान्यात मला संगं न्यायचं. सई मी करनार. टाकं निघंस्तवर मी उशापासनं हालनार न्हाई, आन तू मला जा म्हनायचं न्हाई. ही माझी हाक."

केशरबाईनं बिल्ला उलटसुलट पाहिला. "हा तू शेवटाला ठेवलावता."

"हाक दिल्यावर इचारत न्हाईत. नियम कुनी केलाय?"

"आगं पन हा सतरा..."

"कुनाचा हुता ते मला म्हाईत हाय. पयल्या दिवसापासनं. तुझा येगळा सेट आसता तर अठरा वर्षांत एकदा तरी दिसला आसता." भामाबाईनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. "परत देत न्हाई मी, केशर. हाक देतेय."

रिक्षावाला कोपऱ्यावर हॉर्न वाजवत होता. केशरबाईनं आजवर कितीतरी जणांना ओ दिली होती. सहज, भाकरी थापता थापता दिली होती. आज तो एवढासा शब्द तिला जड गेला. न मागता आलेली बाई समोर उभी होती, आणि तरी केशरबाईच्या कपाळाला आठी पडत नव्हती. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलं नाही.

"ओ," केशरबाई म्हणाली. मग कमरेची किल्ली सोडली आणि भामाबाईच्या हातात दिली.